गुलमोहराचा ओंडका

२०२२ च्या जुलैत आमच्या सोसायटीतला गुलमोहर पडला. मुलुंड पूर्वेला आमची जुनी चार मजली बिल्डिंग, गुलमोहर जवळजवळ तिच्याच वयाचा, पहिल्या बिऱ्हाडांनी लावलेला. रात्री अडीचला पडला. वारा तसा फार नव्हता, पाऊस मात्र तीन दिवस नुसता कोसळत होता, आणि असा काही आवाज झाला की मला वाटलं कुणाची तरी गॅलरीच आली खाली. माणसं वाचली, गाड्या वाचल्या, कंपाउंडची भिंत तेवढी दहा फूट गेली. सकाळी खाली जाऊन बघितलं तर बुंधा आतून पोकळ, म्हणजे हात घालून आतला चुरा मुठीत घेता येईल इतका पोकळ, आणि तळाशी ती तपकिरी चकचकीत बशी, वार्निश मारल्यासारखी, जी गेले दोन-तीन पावसाळे आम्ही सगळे येताजाता बघत होतो आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं.

ती बशी म्हणजे गॅनोडर्मा. झाडाच्या बुंध्यावर अशी बशी दिसली ना, की समजायचं आत बुरशीने बरीच वर्षं आधीच काम सुरू केलंय, बाहेर दिसतं ते फक्त तिचं फळ. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले होते, तेव्हा मुळं तोडली गेली, सिमेंट अगदी खोडाला भिडवलं, आणि जखम झालेल्या मुळातून ही आत शिरली असणार. झाड नुसतं पोकळ असलं तर लगेच पडतं असं नाही, कारण मधला गाभा तसाही जिवंत नसतो, बाहेरच्या थरावर झाड मजेत उभं राहतं, पण मुळं आणि तळच कुजला की संपलं.

तर ट्रक आला, करवती आल्या, दुपारपर्यंत अख्ख्या गुलमोहराचे तुकडे होऊन ट्रकमध्ये. मी खाली उभी होते, आणि का कुणास ठाऊक मला ते सगळंच्या सगळं जाताना बघवेना. त्या झाडाखाली मी सायकल शिकले, माझी लेक शिकली. मी म्हटलं दादा, एक ओंडका ठेवा. साधारण चार फुटांचा, माझ्या दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल इतका जाड. सेक्रेटरी काका म्हणाले अहो वाळवी लागेल, साप येईल, काय करणार त्याचं. मी म्हटलं काही नाही करणार, नुसता ठेवणार. बिल्डिंगपासून लांब, मागच्या भिंतीपाशी, जिथे ऊन येत नाही आणि गाडी लावता येत नाही म्हणून कुणाला नको असलेली जी जागा आहे, तिथे तो ठेवला. वाळवीचा त्यांचा मुद्दा बरोबरच होता म्हणा, लाकूड बिल्डिंगला टेकवून कधीच ठेवू नये, मधे चांगलं पंधरावीस फूट अंतर हवं.

आता हा त्याचा चौथा पावसाळा. आणि या चार पावसाळ्यांत मी जे बघितलं ते कधीपासून लिहायचं होतं.

पहिल्याच पावसाळ्यात, गणपतीच्या आसपास, सालीच्या भेगांमधून छोटे छोटे पांढरे पंखे आले. नखाएवढे, वरून लोकरीसारखे, आणि उलटे करून बघितले तर खाली गुलाबी-राखाडी झालरी. याचं नाव शिझोफायलम कम्यून, मुंबईत मेलेल्या फांदीवर सगळ्यात आधी जे दिसतं ते बहुतेक वेळा हेच, पार रेल्वेच्या कुंपणातल्या सुक्या सुबाभळीवरसुद्धा. याची गंमत अशी की ऑक्टोबरच्या उन्हात ते सुकून कुरकुरीत होतं, त्याच्या झालरी मधोमध चिरलेल्या असतात त्या आत वळून मिटतात, आणि आठ महिन्यांनी जूनचा पहिला पाऊस पडला की काही तासांत परत उघडतं आणि कामाला लागतं. मी मे महिन्यात एक तुकडा घरी आणून वाटीभर पाण्यात टाकला, लेकीला म्हटलं बघ आता, आणि संध्याकाळपर्यंत ते पूर्ण उघडलं. मणिपूर-मिझोरामकडे हे शिजवून खातात. मी नाही खाल्लं, आणि इथे स्पष्ट लिहून ठेवते, सोसायटीत, बागेत, रस्त्यात उगवलेलं काहीही फोटोवरून ओळखून खाऊ नका. आईने तर पहिल्याच दिवशी गॅलरीतून ओरडून सांगितलं होतं, "गो, ता खाऊचा नाय हां!"

दुसऱ्या पावसाळ्यात कान आले. खरंच कान, तपकिरी, मऊ, लिबलिबीत, हात लावला तर आपल्या कानाच्या पाळीसारखेच लागतात, ऑरिक्युलेरिया त्यांचं नाव. मग एका बाजूला केशरी पापुद्रा पसरला, मग खाली जमिनीला टेकलेल्या भागातून काळी काळी बोटं वर आली, ती झायलेरिया. प्रत्येकजण आपल्या वेळेला येतो, आधीच्याने लाकूड जरा सैल करून ठेवलं की पुढचा येतो. आणि दिसतात ती फक्त फळं, हे मला सारखं स्वतःला सांगावं लागतं, कारण खरी बुरशी म्हणजे आतले धागे, एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक, लाकडाच्या पेशीपेशीतून घुसत जाणारे.

आता हे धागे लाकूड खातात म्हणजे नक्की काय करतात. मी कॉमर्सची, बायोलॉजी दहावीनंतर सुटलेलं, त्यामुळे हे सगळं वाचून वाचून समजून घेतलंय, पण एकदा समजलं की डोक्यातून जात नाही. लाकडात साधारण चाळीस ते पन्नास टक्के असतं सेल्युलोज. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी, तोच ग्लुकोज जो भातातल्या स्टार्चमध्ये असतो, फक्त कडीला कडी जोडण्याची पद्धत वेगळी, आणि तेवढ्या एका फरकामुळे आपण भात पचवतो आणि लाकूड पचवू शकत नाही. म्हणजे गुलमोहराचा ओंडका हा एका अर्थी साखरेचा ओंडकाच आहे. पण ती साखर झाकून ठेवलीय लिग्निनने, ते वीस ते तीस टक्के, आणि ही चीज भयंकर चिवट. फणस कापलाय ना कधी? गरे आत आहेत, गोड आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचायचं तर आधी चीक, हाताला तेल लावा, विळीला तेल लावा, तरी चिकटतोच. लिग्निन म्हणजे लाकडाचा चीक. त्याला ठराविक रचना नाही, सेल्युलोजसारखी शिस्तीतली साखळी नाही, कसंही कुठेही जोडलेलं जाळं, त्यामुळे त्याला कापायला नेमकी कात्रीच सापडत नाही.

बुरशी पोटात घेऊन पचवत नाही, तिला पोटच नाही, ती पाचक रस बाहेर सोडते, बाहेरच शिजवते आणि मग तयार रस शोषून घेते. पण लिग्निनपुढे नेहमीचे पाचक रस चालत नाहीत, तर तिथे ती काय करते, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, हो तेच जे जखम धुवायला आणतो, आणि पेरॉक्सिडेज नावाची तिची एन्झाइम्स ते वापरून लिग्निनमधून इलेक्ट्रॉन खेचून काढतात, मग ते लिग्निन आपलं आपणच तडकत जातं. १९८३ मध्ये शास्त्रज्ञांना हे लिग्निन पेरॉक्सिडेज सापडलं आणि १९८७ मध्ये या सगळ्या प्रकाराला नाव दिलं गेलं एन्झायमॅटिक कम्बश्चन, म्हणजे एन्झाइमने केलेलं ज्वलन. ज्वाळा नाही, धूर नाही, आपल्या नेहमीच्या मुंबईच्या तापमानाला, ओल्या लाकडात. आणि एवढं करून लिग्निनमधून तिला फारसं काही खायला मिळत नाही! चीक काढायचा तो गऱ्यांसाठी.

हे करणाऱ्या बुरशांची कूज पांढरी दिसते, कारण तपकिरी लिग्निन निघून गेलं की मागे फिकट, दोऱ्या-दोऱ्यांचं, कापसासारखं लाकूड उरतं. माझ्या ओंडक्याचं टोक आता असंच झालंय. गॅनोडर्मा याच गटातली, आपण खातो ती धिंगरीही (ऑयस्टर मशरूम) याच गटातली.

पण दुसरा एक प्रकार आहे आणि तो मी लहानपणीच बघितला होता, नाव माहीत नसताना. आमचं मूळ बिऱ्हाड लालबागच्या चाळीत, आजी-आजोबा तिथे होते. मोरीतलं पाणी वर्षानुवर्षं झिरपून खालच्या मजल्याच्या तुळईचं टोक, जे भिंतीत घुसलेलं असतं ना, ते कुजलं होतं, आणि ते पांढरं नव्हतं, गडद तपकिरी, आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडून चौकोनी चौकोनी ठोकळे झाले होते, मैसूरपाकाच्या वड्या पाडाव्यात तसे. बोटाने चुरडलं तर तपकीर. आजोबांनी तिथे लोखंडी टेकू लावून घेतला होता, नंतर बिल्डिंगला असे बरेच टेकू लागले. ही तपकिरी कूज. ती करणारी बुरशी लिग्निनच्या फार मागे लागत नाही, ती लाकडातलंच लोह आणि पेरॉक्साइड वापरून अशी काही प्रतिक्रिया घडवते की सेल्युलोजच्या साखळ्या पटापट तुटतात, म्हणून लाकूड वरून जवळजवळ शाबूत दिसतं पण ताकद आधीच गेलेली असते, घरात ही जास्त धोक्याची ती त्यामुळेच. आणि गंमत बघा, त्याच तुळईचा बाकी चौदा फूट भाग ठणठणीत होता. जुनं बर्मा टीक, सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलं आणि बुरशीला न मानवणारी द्रव्यं असतात, शिवाय कोरडं. लाकडात ओल वीस टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीला काही करता येत नाही, आणि पूर्ण पाण्यात बुडलेलं असेल तरी नाही, कारण हवा लागते. ओलसर आणि हवेशीर, हे दोन्ही एकत्र आलं की झालं, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर तेच तर असतं. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा त्या सागाच्या तुळया भंगारवाले चांगला भाव देऊन घेऊन गेले, कुठेतरी आता त्यांची टेबलं झाली असतील. चांगल्या लाकडाचा पहिला पुनर्वापर हाच, परत लाकूड म्हणूनच. बुरशीची पाळी त्यानंतर यावी.

प्रश्न बाकीच्या लाकडाचा आहे. मुंबईत पालिकेच्या गणनेप्रमाणे सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं आहेत, दर मे महिन्यात पावसाळ्याआधीची छाटणी, मग पावसाळ्यात पडझड, मे २०२१ च्या तौक्ते वादळात तर जिकडे तिकडे झाडं आडवी. त्यात घरोघरी फर्निचर तोडणं चालू, प्लाय, एमडीएफ, सनमायका लावलेल्या फळ्या, बांधकामावरच्या सेंट्रिंगच्या फळ्या, पॅकिंगची खोकी. यातलं बरंचसं जळतं. आपला पाव ज्या भट्टीत भाजला जातो तिथे वर्षानुवर्षं हेच भंगार लाकूड वापरलं गेलंय कारण स्वस्त मिळतं, आणि प्लाय जाळला की त्यातला फॉर्मल्डिहाइडचा गोंद आणि वरचा रंग पण जळतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पाव माझा पण जीव की प्राण आहे, भट्टीवाल्यांचं पोट त्यावर आहे हेही कळतं, पण आमच्या घरात दमा आहे, त्यामुळे त्या धुराबद्दल मला वेगळं काही वाटूच शकत नाही.

आणि डंपिंगवर नेऊन पुरलं तर? तिथे खाली हवा नसते, आणि हवेशिवाय लिग्निन फुटत नाही, त्यामुळे लाकूड वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं, नुसती जागा खातं. म्हणजे जाळलं तर धूर, पुरलं तर अडगळ. हवेत, सावलीत, मातीला टेकवून ठेवलं तर मात्र ते जातं, हळू जातं, पण जाताना कितीजणांना पोसून जातं. कार्बन डायऑक्साइड बुरशीसुद्धा सोडतेच हां, कोरड्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचंच असतं आणि त्यातला बराचसा शेवटी हवेतच जातो, पण तासाभरात नाही तर वर्षानुवर्षांत, आणि काही भाग मातीत राहतो. आणि काजळी अजिबात नाही.

मग माझ्या डोक्यात आलं की नुसतं बघत का बसायचं, काहीतरी करून बघू. २०२३ मध्ये वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू होतं, मिस्त्रींकडून भुशाची गोणी मागून आणली, धिंगरीचं बियाणं मागवलं (गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेली पांढरी बुरशी असते, तिला स्पॉन म्हणतात) आणि पिशव्या भरल्या. चारही पिशव्या गेल्या. दोन तर आठवड्यात हिरव्यागार झाल्या. तो भुसा प्लाय आणि एमडीएफचा होता हे मी विचारायलाच हवं होतं, आणि तो गरम पाण्यातून नीट काढायला हवा होता. गोंदवाल्या, रंगवाल्या लाकडावर खायचं मशरूम कधीच लावू नका, कारण बुरशी जड धातू शोषून स्वतःत साठवते. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याच्या आधीच्या दारं-खिडक्यांवर काय काय असेल सांगता येत नाही.

ती हिरवी बुरशी ट्रायकोडर्मा. तेव्हा फार राग आला होता तिचा, पण मग वाचलं की तिच्याच कुटुंबातली एक जात दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर सापडली, अमेरिकन सैन्याचे तंबू आणि कापड कुजून फाटत होते म्हणून शोध घेतला तेव्हा. सेल्युलोज तोडण्यात ती इतकी तरबेज निघाली की आज कारखान्यांत तिच्याकडूनच ती एन्झाइम्स बनवून घेतात, जीन्सला जुनाट धुतलेला लुक द्यायला आणि पिकांच्या काड्या-काटक्यांपासून इथेनॉल करायला. जे तंबू खात होतं त्यालाच कामाला लावलं.

दुसऱ्या वेळेला मी हापूसची पेटी वापरली. हे मला स्वतःला फार आवडलंय म्हणून सविस्तर सांगते. देवगडहून आमच्याकडे दर वर्षी दोन पेट्या येतात, लाकडी, आत पेंढा. आंबे संपले की पेटी माळ्यावर आणि पेंढा कचऱ्यात. मी पेंढा वाळवून ठेवला, आणि एका पेटीच्या फळ्या, खिळे काढून, रंगबिंग काही नाही बघून, मिस्त्रींकडून रंध्याने सोलून घेतल्या, छान कुरळे छिलके निघाले. जुलैत पेंढा दोन-तीन इंचांचा कापला, छिलक्यांबरोबर रात्रभर भिजवला, मग तासभर गरम पाण्यात, उकळत्या नाही, हात घालवणार नाही पण बुडबुडे येत नाहीत इतपत. निथळत ठेवायचा, मुठीत दाबल्यावर एखाद-दुसराच थेंब आला पाहिजे, जास्त ओल म्हणजे परत हिरवी पाहुणी. मग पिशवीत एक थर पेंढा एक थर स्पॉन, भोकं पाडली, आणि कपाटाखाली अंधारात ठेवून दिली. अठराव्या दिवशी पिशवी अख्खी पांढरी, आतलं सगळं एकमेकांत घट्ट विणलेलं, पिशवी फाडली तरी आकार तसाच उभा. मग उजेडात ठेवून रोज पाण्याचा फवारा, आणि पाचव्या दिवशी बारीक टाचण्यांच्या डोक्यांसारखं काहीतरी दिसलं आणि त्यानंतर तर वाढ डोळ्यांना दिसत होती, सकाळी रुपयाएवढं, रात्री पुरीएवढं. पहिल्या तोडणीला पाऊण किलो. आईने खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला आणि भाकरी. एक सांगायचं राहिलं, टोप्या फार पिकू देऊ नका, कडा वर वळायच्या आत काढा, नाहीतर बीजाणूंची पावडर सगळ्या घरात उडते आणि खोकला लागतो, दमेकरी माणसांच्या खोलीत तर पिशवी ठेवूच नका. आमची आता जिन्याखाली असते.

ते "आकार तसाच उभा" माझ्या डोक्यात राहिलं होतं. न्यूयॉर्क राज्यातली इकोव्हेटिव्ह नावाची कंपनी २००७ पासून हेच करते, शेतातला भुसा-काड्या साच्यात भरायच्या, त्यात बुरशी सोडायची, ती धाग्यांनी सगळं बांधते, मग तापवून तिला मारायचं आणि थर्माकोलच्या जागी पॅकिंगला वापरायचं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका म्युझियमच्या अंगणात अशा सुमारे दहा हजार विटांचा मनोराच उभा केला होता, उन्हाळा संपल्यावर उतरवून त्याचं खत केलं. थर्माकोल म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं, मखर. २०१८ मध्ये आपल्याकडे थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा आमच्याकडे पण प्रश्नच पडला होता. तर गेल्या गणपतीत लेकीने आणि मी केकच्या भांड्यांत सहा विटा वाढवल्या, पेंढा, छिलके आणि थोडं गव्हाचं पीठ, बारा दिवसांनी बाहेर काढून ओव्हनमध्ये नव्वद डिग्रीवर सुकवल्या. वरून मऊ, कोकराच्या कातड्यासारख्या, वजनाला काहीच नाही. बाप्पाच्या मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन रचल्या, वर झेंडूच्या माळा. आलेल्या प्रत्येकाने हात लावून बघितलं. पावसाळी हवेत त्या ओल धरतात, सातव्या दिवशी थोड्या मऊ पडल्या होत्या, पण आपल्याला कुठे वर्षभर ठेवायच्यात, विसर्जनानंतर हाताने मोडून खताच्या पिंपात टाकल्या.

त्या पिंपाचं पण बुरशीशी नातं आहे. आमच्या ओल्या कचऱ्याच्या पिंपाला वास यायचा, वरच्या मजल्यावरून तक्रारी यायच्या, कारण भाज्यांच्या देठासालांत नायट्रोजन आणि पाणी जास्त, कार्बन कमी. लाकडात बरोबर उलटं. ताजा भुसा टाकला तर तो लवकर कुजत नाही, आणि मातीत मिसळला तर उलट मातीतलाच नायट्रोजन ओढून घेतो, कुंडीतली झाडं पिवळी पडतात, हे मी करून बघितलंय. पण पिकं घेऊन झालेल्या धिंगरीच्या पिशवीतला माल, किंवा ओंडक्याच्या टोकाचा तो कापसासारखा चुरा, तो चालतो, पाणी शोषतो, हवा खेळती ठेवतो. दोन महिन्यांत वासाची तक्रार बंद झाली आणि सेक्रेटरी काकांनी स्वतः येऊन विचारलं, तो ओंडका अजून किती वर्षं पुरेल हो?

आईला या सगळ्यात एकाच गोष्टीत खरा रस, अळंबी. ती कुडाळकडची. पहिल्या पावसानंतर वारुळाच्या आसपास अळंबी फुटायची, पहाटे पोरं टोपल्या घेऊन जायची, आणि कुठलं वारूळ ते घरचे लोक बाहेर कुणाला सांगायचे नाहीत. ती अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस, आणि तिची गोष्ट ऐकून तर मी थक्क झाले होते. ही वाळवी लाकूड-पाला चावून आणते पण तिला ते नीट पचत नाही, म्हणून ती वारुळाच्या पोटात त्याचे पोळ्यासारखे थर रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते, बुरशी लिग्निन फोडते आणि मग वाळवी तो मऊ झालेला थर खाते. शेतीच की. आणि सुमारे तीन कोटी वर्षांपासून चाललेली. पावसात वारुळातून लांब देठ वर काढून जी छत्री येते ती आपण खातो. वारुळाशिवाय ती येत नाही, म्हणून धिंगरीसारखी बारा महिने दुकानात मिळत नाही, पालघर-कर्जतकडून आदिवासी बायका आणतात पावसाळ्यातले थोडेच दिवस, पानात गुंडाळून. आईला हे सगळं वाचून दाखवलं तर म्हणाली, म्हणजे आम्ही वाळवीच्या शेतातलं चोरून खात होतो. मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, आमच्या मागच्या परसातलं ते वारूळ रस्ता रुंद करताना गेलं.

या वर्षी मे मध्ये छाटणीवाले आले तेव्हा गेटपाशी शेवग्याची एक सुकी फांदी कापायची होती. मी बघितलं तर फांदीच्या खालच्या बाजूला सुपारीएवढं गोल भोक, आणि थोड्या वेळाने त्यातून तांबट पक्ष्याचं लाल कपाळ बाहेर आलं. तांबटाची चोच काही सुतार पक्ष्याएवढी मजबूत नसते, तो घर कोरायला मेलेली, बुरशीने मऊ केलेली फांदीच शोधतो. म्हणजे ती बुरशी आधी दोन वर्षं काम करून गेली म्हणून हा बिऱ्हाड थाटू शकला. फांदी रस्त्यावर नव्हती, खाली गाडी लागत नव्हती, कुणाच्या डोक्यावर पडायची शक्यता नव्हती. धोक्याची फांदी कापायलाच हवी, त्यात वादच नाही, पण ही तशी नव्हती. मी छाटणीवाल्या दादांना भोक दाखवलं. त्यांनी शिडी काढून घेतली, म्हणाले पिल्लं उडाली की फोन करा, तेव्हा बघू. कमिटीच्या मीटिंगमध्ये मी अर्ज दिलाय की छाटणीत निघालेले दोन-तीन जाड ओंडके दर वर्षी मागच्या भिंतीपाशी ठेवू द्यावेत, बाकीचे ट्रकने जाऊ देत. सातपैकी पाच जणांनी सही केली आहे, दोघांना अजून सापाची भीती वाटते, त्यांना मी रविवारी तिथे घेऊन जाणार आहे.

ओंडका आता चार फुटांचा राहिलेला नाही. दोन्ही टोकं झडून सव्वादोन-अडीच फूट उरलाय, साल पूर्ण गेली, मधोमध बोट दाबलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत जातं आणि आत गार लागतं, अगदी मे मध्येसुद्धा. उचलून बघितला तर खाली पैसा किडे, गांडुळं, कसलीतरी पांढरी अळी. दयाळाची जोडी रोज सकाळी सातच्या आसपास येऊन त्याच्या भोवती टिपत असते. आणि गेल्या आठवड्यात, झडलेल्या टोकाच्या त्या काळ्या भुसभुशीत चुऱ्यात, एक रोप आलंय, दोन जाड दलं आणि मधे पिसासारखं बारीक पान. गुलमोहराचंच आहे. शेंगेतलं बी तिथे कधीपासून पडलेलं असेल. त्याला काठीचा आधार दिलाय आणि वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय की तिथे झाडू मारू नका.